सीरियन निर्वासितांसाठी दुःखात आधार देणारं अ‍ॅप: लोक तिसऱ्या भागाआधीच का सोडून देतात?

अबोली
नमस्कार मंडळी. मी लाइपझिगला असते, नोकरी सॉफ्टवेअरमधली, आणि संध्याकाळी इथल्या एका छोट्या संस्थेत मदत करते. संस्थेचं काम मुख्यतः सीरियातून आलेल्या लोकांबरोबर चालतं. सध्या त्यांनी एक ऑनलाइन कार्यक्रम सुरू केलाय, ज्यांचं घरचं माणूस युद्धात, तुरुंगात किंवा समुद्र ओलांडताना गेलंय अशांसाठी. फोनवर उघडायचा, दर आठवड्याला एक भाग, थोडं वाचायचं, थोडं लिहायचं, असं स्वरूप आहे.

मूळ मजकूर जर्मन लोकांसाठी केलेला. तो अरबीत आणला, चित्रातल्या माणसांचे केस काळे केले, एका बाईला हिजाब दिला आणि आता हा त्यांच्यासाठीचा झाला असं सगळ्यांनी धरून चाललंय. पहिला भाग बरेच जण उघडतात, तिसऱ्यापर्यंत जवळजवळ सगळे गळतात. संस्थेतले काही म्हणतात की त्यांच्यात मानसिक आजाराची लाज फार असते. मला हे पटत नाही, कारण हीच माणसं मंगळवारी कॉफी प्यायला येतात तेव्हा गेलेल्या भावाबद्दल तासभर बोलतात, फोटो दाखवतात, त्याचे जुने व्हॉइस मेसेज ऐकवतात. बोलायचं नाहीये असं मुळीच नाहीये. मग फोनवरच्या कार्यक्रमात नेमकं काय अडतंय?

इथे मानसोपचारातले लोक आहेत, काही जणांनी मदतछावण्यांमध्ये काम केलंय, आणि परदेशात बसून घरचं माणूस गमावलेले तर बरेच असतील. मनापासून लिहा, मी सगळं त्या टीमसमोर ठेवणार आहे.

मनकवडी
अबोली, मी पुण्यात समुपदेशन करते, निर्वासितांबरोबरचा अनुभव नाही, शोकावरचा आहे. पहिला प्रश्न असा की तो कार्यक्रम कशाला आजार म्हणतोय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, दीर्घकाळ न ओसरणारा शोक हे वेगळं निदान आहे आणि ती यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात किमान 6 महिन्यांची अट आहे, पण त्याच व्याख्येत असंही आहे की त्या माणसाच्या समाजात, धर्मात जेवढा शोक रीतीचा समजला जातो त्याच्या स्पष्टपणे पलीकडे तो गेलेला असायला हवा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदानपुस्तिका (डीएसएम) मोठ्यांसाठी 12 महिने धरते. म्हणजे खुद्द निदान करणाऱ्यांनाही मान्य आहे की रीत कळल्याशिवाय आजार ओळखता येत नाही. आता तुमच्या प्रश्नावलीत "तुम्ही अजून मृत व्यक्तीशी बोलता का" असं काही असेल आणि "हो" म्हटलं की लाल खूण येत असेल, तर दुसऱ्या भागातच माणूस उठून जाणार.

नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एकाला असा अडकलेला शोक होतो, निर्वासितांमध्ये एकत्रित अभ्यासांतून आलेला आकडा एकतृतीयांशाच्या आसपास आहे. म्हणजे गरज खरी आहे, त्याबद्दल वाद नाही.

आणि ते शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) असतील तर काढून टाका. कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना "आता तुम्ही स्वीकाराच्या पायरीवर आलात" असं सांगायला त्यांचा वापर करू नये.

टपरीवरचा
मनकवडीताईंना अनुमोदन. आमची आई अजून सकाळचा पहिला चहा बाबांच्या फोटोसमोर ठेवते, मग स्वतः घेते, वर त्यांना सांगते पण की आज साखर कमी टाकलीय हं. तिला कोणी लाल खूण दिली तर आम्ही सगळी भावंडं त्या अ‍ॅपच्या मागे लागू :)

कृष्णाकाठ
मी सहसा फक्त वाचते पण आज लिहिते. 2021 च्या लाटेत बाबा सांगलीत गेले, मी स्टुटगार्टला, जाता येण्यासारखं काही नव्हतं. अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघितला, मधे दोनदा कॉल तुटला. नंतर माझ्या कंपनीने जो ऑनलाइन आधार दिला त्यात श्वासाचे व्यायाम होते, डायरी होती, सगळं नीट होतं, आणि मला काहीही लागू पडलं नाही.

लागू पडलं ते दहाव्याला. घाटावर कावळा शिवेना, सगळे थांबलेले, काकांनी चुलतभावाला सांगितलं की तिला फोनवर घे, तिचंच काहीतरी राहिलंय. मी इकडून ओरडून म्हटलं, बाबा, आईचं सगळं मी बघते, तुम्ही काळजी करू नका. आणि कावळा आला. कोणाला त्यात योगायोग दिसेल, दिसू दे. मला त्या दिवशी लेक म्हणून एक काम मिळालं होतं, परदेशात बसून नुसतं बघत राहायची शिक्षा संपली होती.

म्हणून अबोली, विचारायचंय ते हे, की तुमच्या कार्यक्रमात त्या माणसांना मेलेल्यासाठी काही *करायला* मिळतं का? का फक्त स्वतःला बरं वाटून घ्यायचंय?

अबोली
कृष्णाकाठ, तुझी पोस्ट परत परत वाचली. नाही, करायला काहीच नाही मिळत. सगळा कार्यक्रम "तुमच्या भावना, तुमची झोप, तुमचे विचार" असा आहे.

हेगचा_पाऊस
नेदरलँड्समध्ये ह्यावर बरंच काम झालंय. गीर्ट स्मिड आणि एआरक्यू सेंट्रुम'45 ह्या तिथल्या आघातोपचार केंद्रातल्या सहकाऱ्यांनी हिंसेत माणूस गमावलेल्यांसाठी जी उपचारपद्धत बांधली तिच्यात गेलेल्या व्यक्तीला पत्र लिहिणं आहे आणि शेवटी निरोपाचा विधी आहे, जो त्या माणसाने स्वतः ठरवायचा. आधी मुलाखतीत विचारलं जातं की तुमच्याकडे कोणी गेलं तर काय करतात, तुम्हाला त्यातलं काय करता आलं, काय राहिलं. हे प्रत्यक्ष भेटीतलं आहे, पण राहिलेलं काय हा प्रश्न फोनवरही विचारता येतो.

सीरियन शेजाऱ्यांकडून मला जे कळलं ते सांगतो. त्यांच्याकडे माणूस गेलं की नावाची छापील शोकपत्रिका भिंतींवर लावतात, घरातल्या सगळ्या नात्यांची यादी असते तिच्यात. तीन दिवस लोक भेटायला येतात, बिनसाखरेची कडू कॉफी देतात, कुराणपठण चालतं. ईदच्या सकाळी आधी कबरीवर जायचं, आस नावाच्या झुडपाच्या हिरव्या फांद्या तिथे ठेवायच्या. विधवेला 4 महिने 10 दिवस इद्दत असते, म्हणजे पुन्हा लग्न न करता पाळायचा काळ. आता बघा, कबर कुठे आहे माहीत नाही, असली तरी जाता येत नाही, भेटायला येणारे नातेवाईक पाच देशांत. ती भिंतीवरची शोकपत्रिका मात्र फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलीच आहे, खाली शेकडो लोक दुआ लिहितात. म्हणजे फोनवर शोक करायला ते केव्हाच शिकलेत, तुमच्या अ‍ॅपच्या आधी. तिथून सुरुवात करा.

धोंडमार
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो, राग नसावा. जर्मनीत आश्रय मागणाऱ्याला सुरुवातीच्या काळात फक्त तीव्र आजार आणि वेदनांवरच उपचार मिळतात, आणि ही मुदत फेब्रुवारी 2024 मध्ये 18 महिन्यांवरून 36 वर नेली. ज्यांना दुय्यम संरक्षण मिळालंय (निर्वासिताचा पूर्ण दर्जा नाही, पण मायदेशी गंभीर धोका म्हणून राहू दिलंय) त्यांचं कुटुंबाला बोलावून घेणं जुलै 2025 पासून दोन वर्षांसाठी थांबवलंय. म्हणजे नवरा इथे, मुलगा तिकडे मेला, बायको तिकडेच एकटी, आणि ह्याच्या हातात अ‍ॅप द्यायचं? थेरपिस्ट द्या, दुभाषा द्या, बायकोला आणू द्या. अ‍ॅप हा सरकारला स्वस्तात सुटायचा रस्ता आहे असं मला मनापासून वाटतं.

बेरूतवाली
धोंडमार, तुमचा राग मला समजतो, मी काही काळ लेबनॉनमध्ये मदतकार्यात होते आणि रोज हाच राग येत असे. पण तिथे दुसरी बाजूही बघितली. सीरियन माणसांची संख्या एवढी आणि मानसोपचारतज्ज्ञ मूठभर, त्यातही बेरूतच्या बाहेर जवळपास नाहीत, चेकपोस्ट ओलांडून शहरात यायची लोकांना भीती. वाट बघा म्हणणं म्हणजे काहीच न देणं.

तिथे जागतिक आरोग्य संघटना आणि लेबनॉनच्या आरोग्य मंत्रालयाने स्टेप-बाय-स्टेप नावाचा फोनवरचा कार्यक्रम तपासून बघितला. पाच भाग, एक गोष्ट उलगडत जाते, स्त्री की पुरुष ते पात्र आपण निवडायचं, आणि आठवड्यातून साधारण 15 मिनिटं एक प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेली व्यक्ती फोन किंवा मेसेजवर बोलते. 2022 मध्ये निष्कर्ष आले, नैराश्य कमी झालं, फायदा काही महिन्यांनीही टिकला. गळती मात्र तिथेही खूप होती. म्हणजे अबोली, गळती फक्त तुमच्याकडेच होते असं नाही.

तो नैराश्यासाठी होता, शोकासाठी नव्हे, हे लक्षात ठेवून सांगते. माझ्या बघण्यात लोक टिकत ते त्या 15 मिनिटांसाठी. तुमच्याकडे पलीकडे कोणी आहे का?

अबोली
आहे, पण फक्त "तांत्रिक अडचण आल्यास" लिहायचा पत्ता.

बेरूतवाली
मग अर्धं उत्तर तिथेच आहे गं.

धोंडमार
बेरूतवाली, माणूस पलीकडे असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण मग त्याला पगार द्या. निर्वासितांमधल्याच कोणाला तरी फुकट राबवून घ्यायचं आणि त्याला "सक्षमीकरण" म्हणायचं हेही मी पाहिलंय.

बेरूतवाली
शंभर टक्के. आणि त्यांना दर आठवड्याला स्वतःचं मन मोकळं करायला अनुभवी माणूस हवा, कारण त्यांच्याही घरचं कोणीतरी गेलेलं असतं.

नाईटड्यूटी
मी न्यूर्नबर्गला नर्स आहे. दोन गोष्टी ज्या टीमला सुचणार नाहीत.

एक, लोक "मला दुःख झालंय" म्हणून दवाखान्यात येत नाहीत. छाती आवळते, पाठ धरते, डोकं ठणकतं, हात बधिर होतात, असं सांगतात. तपासण्या नॉर्मल येतात आणि त्यांना वाटतं आपल्याला खोटं पाडलं. कार्यक्रम शरीरापासून सुरू झाला तर त्यांना वाटेल की हे माझ्याबद्दल बोलतायत.

दोन, जागा. सामूहिक निवासात एका खोलीत चार माणसं किंवा अख्खं कुटुंब. बाई रडणार कुठे? लिहिणार कुठे? फोन पोरं खेळायला घेतात आणि जर्मन कागदपत्रं वाचून दाखवणारी पोरंही तीच, त्यांना आईचं सगळं दिसतं. तुमच्या कार्यक्रमात "शांत जागी बसा आणि 45 मिनिटं लिहा" असं असेल तर ती जागा आहे कोणाकडे? छोटे ऑडिओ करा, इअरफोन लावून ट्राममध्ये ऐकता येतील असे. इंटरनेट नसताना चालले पाहिजेत, प्रीपेड डेटा महिनाअखेर संपलेला असतो.

शब्दप्रेमी
ऑडिओला माझा पाठिंबा, फक्त आवाज बातम्या वाचणाऱ्याचा नको. घरात बोलतात तसं शामी, म्हणजे सीरियाकडची बोली अरबी, बोलणारा हवा. मोरोक्कोच्या सहकाऱ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं तर सीरियन आजीला ते परकंच वाटणार.

हेगचा_पाऊस
45 मिनिटं लिहिण्याची पद्धत अगदीच टाकाऊ नाही हं, नाईटड्यूटी. इराकमधल्या लोकांसाठी अरबीत असा इंटरनेटवरचा उपचार झालेला आहे, क्रिस्टीन क्नेवल्सरुड यांच्या गटाने. 5 आठवडे, आठवड्यातून दोनदा 45 मिनिटं लिहायचं आणि अरबी बोलणारा थेरपिस्ट पलीकडून वाचून उत्तर द्यायचा. युद्धाच्या आघातावर फायदा दिसला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. पण बघा, तिथेही पलीकडे वाचणारा माणूस होता. ज्याला लिहायचंय त्याला लिहू द्या, ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या.

डेटादादा
कोणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. लॉगिनला काय काय माहिती मागता?

अबोली
पूर्ण नाव, जन्मतारीख, ईमेल, गेलेल्या व्यक्तीचं नाव, नातं, मृत्यूची तारीख, मृत्यूचं कारण. मग एक प्रश्नावली.

डेटादादा
अगं मग लोक तिसऱ्या भागापर्यंत येतात हेच मला जास्त वाटतं.

सीरियात चेकपोस्टवर फोन काढून घ्यायचे आणि त्यातलं फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप बघायचे, त्यावरून माणसं उचलली गेलीत. पुढे जर्मनीत आले तर इथे 2017 च्या कायद्याने निर्वासित कार्यालयाला ओळख पटवण्यासाठी त्यांचे फोन वाचायची मुभा दिली. फेब्रुवारी 2023 मध्ये संघराज्य प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की सुरुवातीलाच सरसकट असं करणं बेकायदा आहे, पण तोपर्यंत कितीतरी लोकांनी आपला फोन टेबलावर ठेवून दिला होता. त्याच फोनमध्ये आता लिहायचं की माझ्या भावाला कोणी मारलं? आणि तो भाऊ कोणत्या बाजूने होता हे त्यातून कळणार, आश्रयाचा अर्ज अजून चालू असणार.

टोपणनावाने येऊ द्या. कारण विचारू नका. लिहिलेलं फक्त फोनवर राहील, एका बटणाने पुसता येईल, सरकारी कार्यालयाला काही जाणार नाही, हे पहिल्या पडद्यावर साध्या अरबीत लिहा आणि आवाजातही सांगा. आणि ते खरंच तसं बांधा.

बेरूतवाली
मृत्यूची तारीख सक्तीची आहे का?

अबोली
हो, आत्ता उघडून बघितलं. भरल्याशिवाय पुढे जात नाही.

बेरूतवाली
अबोली, सीरियात 1 लाखाहून जास्त माणसं बेपत्ता आहेत. उचलून नेली, परत आली नाहीत, कागद नाही, देह नाही. त्यांच्या आईने तिथे कोणती तारीख लिहायची? तारीख लिहिणं म्हणजे तिच्या दृष्टीने पोराला स्वतःच्या हाताने मारणं आहे.

8 डिसेंबर 2024 ला सीरियाचा सत्ताधीश असद पळाला, दमास्कसजवळचा सैदनायाचा तुरुंग उघडला, जगभरातले सीरियन रात्रभर फोनवर ते व्हिडिओ थांबवून थांबवून चेहरे बघत होते. थोडे बाहेर आले. बाकीच्यांच्या घरच्यांना जमिनीवर पसरलेले कागद मिळाले, काहींना तेही नाही. ज्यांनी इतकी वर्षं आशा जपून ठेवली होती त्यांचा शोक त्या आठवड्यात सुरू झाला, काहींचा अजून सुरूच होऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांनी बेपत्तांसाठी जून 2023 मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन केली, पण शोध वर्षानुवर्षं चालणार.

मनकवडी
पॉलीन बॉस यांनी ह्याच प्रकारच्या दुःखावर आयुष्यभर काम केलंय, माणूस गेलंही नाही आणि आहेही नाही अशा अवस्थेवर. त्यांचं सांगणं असं की इथे शेवट करायचा आग्रहच धरू नये. "तो गेलाय बहुतेक, आणि परतही येईल कदाचित" ही दोन्ही वाक्यं एकाच मनात राहू शकतात, त्यासह जगायला मदत करायची. त्यामुळे ह्या लोकांसाठी निरोपाचा विधीसुद्धा सरळ उचलून लावता येणार नाही, हेगचा_पाऊस.

हेगचा_पाऊस
मान्य. तिथे निरोप नकोच. आठवण जपण्याचा काही भाग करता येईल.

नाईटड्यूटी
त्यात बायकांचं वेगळं असतं. नवरा बेपत्ता असेल तर इद्दत कधी सुरू करायची? मुलाच्या पासपोर्टवर सही कोणाची? घर कोणाच्या नावावर? हे प्रश्न सुटल्याशिवाय ती दुःखाकडे वळूच शकत नाही. कार्यक्रमात बेपत्ता शोधायला आणि कायद्याची मदत मिळायला कुठे जायचं हे असलंच पाहिजे. रेड क्रॉसची हरवलेल्यांना शोधायची सेवा आहे, तिचा पत्ता द्या.

गोंदियाकर
थोडं विषयांतर, पण राहवलं नाही. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग म्हणून तिबेटी वसाहत आहे, 1972 पासूनची, तेव्हा भंडारा जिल्हा होता. लहानपणी त्यांच्याकडे कोणी गेलं की 49 दिवस चालणारी प्रार्थना, लोण्याचे दिवे हे बघितलंय. वसाहत बांधताना मठ बांधला म्हणून हे शक्य झालं. एकेकट्याला वेगवेगळ्या शहरात पाठवलं असतं तर दिवा कोणासमोर लावायचा? ऑनलाइन कार्यक्रमात पण दहा-बारा जणांचा गट असावा असं मला वाटतं.

उल्हासनगरी
गोंदियाकर, माझी आजी 1947 नंतर सिंधमधून कल्याण कॅम्पला आली, जे पुढे उल्हासनगर झालं. तिचा धाकटा भाऊ वाटेत गेला. तिने त्याच्याबद्दल कधी काही सांगितलं नाही, आम्हाला त्याचं नाव कळलं ते ती गेल्यावर, पेटीतल्या एका चिठ्ठीवरून. तिला कोणी विचारलं असतं तर ती बोलली असती का, माहीत नाही. पण कोणी विचारलं नाही हे नक्की.

गोंदियाकर
तुमच्या आजीला नमस्कार.

टपरीवरचा
गट असावा हे खरं, पण गटात कोण? डेटादादांनी सांगितलं तसं एकाचा भाऊ सैन्यात, दुसऱ्याचा सैन्याने मारलेला.

नाईटड्यूटी
आणि सीरियन म्हणजे सगळे अरब मुसलमान असं नका धरू. कुर्द आहेत, ख्रिश्चन आहेत, द्रूझ पंथाचे आहेत. आमच्याकडे येणारे यझिदी (त्यांचा धर्मच वेगळा आहे) इराकच्या सिंजारचे, ऑगस्ट 2014 मधल्या इस्लामिक स्टेटच्या नरसंहारातून वाचलेले. 2015 मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने सुमारे 1,100 बायकामुलांना खास योजनेत आणलं. त्या कुरमांजी ही कुर्दी बोली बोलतात, अनेकींना लिहिता येत नाही, आणि अरबी ही त्यांच्यासाठी पकडून नेणाऱ्यांची भाषा आहे. त्यांच्या हातात हिजाबवाल्या बाईचं चित्र असलेला अरबी कार्यक्रम देऊ नका, कृपा करून.

शब्दप्रेमी
मग इमामांचे शब्द, कुराणातल्या ओळी घालाव्यात का? अनेकांना खरा आधार तोच असतो.

मनकवडी
निवडायला ठेवावं. काहींचा श्रद्धेवरच तोल टिकून आहे, काहींचं माणूस धर्माच्या नावावर मारलं गेलंय. न विचारता आयत पुढे आली तर दुसऱ्या गटातला माणूस परत येणार नाही.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं राहिलं. जीव नकोसा झालाय असं कोणी लिहिलं तर पलीकडे काय होतं? कोण वाचतं, किती वेळात, कोणत्या भाषेत फोन करतं? हे ठरल्याशिवाय कार्यक्रम चालूच ठेवू नये. (इथे वाचणाऱ्यांपैकी भारतात कोणाला स्वतःसाठी बोलायची गरज वाटली तर टेलि-मानसचा 14416 आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.)

कृष्णाकाठ
मनकवडी, तो नंबर दिल्याबद्दल आभार.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टीमबरोबर बसले, अख्खा धागा जर्मनमध्ये तोंडी सांगितला, कावळ्यासकट. मृत्यूची तारीख आणि कारण हे दोन्ही रकाने कालच काढले, नातं सोडून काहीच सक्तीचं नाही, टोपणनाव चालेल. "बेपत्ता" हा वेगळा रस्ता करायचा आहे आणि तो लिहायला वेळ लागेल, घाईने नाही करणार. भाग आठ-दहा मिनिटांच्या ऑडिओत मोडणार, सुरुवात शरीरापासून. धोंडमार, दोन अरबी बोलणाऱ्या मदतनिसांच्या पगारासाठी अर्ज टाकतोय, पैसे मिळेपर्यंत नवीन लोक घ्यायचे नाहीत असं ठरलं. जीवाच्या धोक्याचं काय करायचं तेही तोपर्यंत कागदावर हवं.

कृष्णाकाठ, तुझ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. एक भाग असा करायचा की गेलेल्याच्या नावाने काय करता येईल ते माणसाने स्वतः निवडावं: कोणाला जेवण, नात्यांची यादी असलेली शोकपत्रिका, ईदला गावातल्या कोणाकडून तरी कबरीवर फांदी ठेवून तिचा फोटो मागवणं. यादी आमची नको, त्यांची हवी. ती कशी जमवायची हे अजून कळत नाहीये. ऑनलाइन फॉर्म पाठवायचं चाललंय.

बेरूतवाली
फॉर्म नको. मंगळवारच्या कॉफीला येणाऱ्या चार-पाच बायकांना आणि दोन-तीन पुरुषांना वेगवेगळं बसवून विचार, त्यांच्या वेळेचे पैसे दे, आणि लिहून झालेलं त्यांनाच परत वाचून दाखव. जे भावाचे व्हॉइस मेसेज ऐकवतात असं तू म्हणालीस, त्यांना विचार की ह्या कार्यक्रमात तुमचा आवाज द्याल का.

धोंडमार
आणि अर्जात दुभाष्याचे पैसे वेगळे दाखव, पगारात धरू नको, नाहीतर तेच आधी कापतात. मसुदा झाला की पाठव, मी असे अर्ज लिहिलेत, बघून देतो.